प्रथिनांची त्रिमितीय रचना शिकवायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि त्यात नेमके काय दाखवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या विद्यार्थ्यांना प्रथिनांची रचना शिकवायची आहे, प्रयोगशाळेतले संगणक साधे आहेत, काहींच्या हाती फक्त फोन आहे. पायमोल, कायमेराएक्स, जेएसमोल, व्हीएमडी अशी नावे ऐकून गोंधळ उडालाय. यातले कोणते घ्यावे, आणि पुस्तकातल्या चित्रापलीकडे त्यातून काही हाती लागते का?

सॉफ्टवेअरचे उत्तर सोपे आहे. वर्गात मोलस्टार (Mol*), स्वतःच्या तयारीसाठी कायमेराएक्स. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक आहे, कारण नुसता रेणू पडद्यावर गरागरा फिरवून विद्यार्थी काहीच शिकत नाहीत. "छान दिसतंय" एवढे म्हणतात आणि वही मिटतात. पडद्यावर मोजता येईल असा एक प्रश्न ठेवला तरच या साधनांचा उपयोग होतो. त्यामुळे खाली साधनांबद्दल कमी आणि कोणती रचना उघडून काय मोजायचे याबद्दल जास्त लिहिले आहे.

मोलस्टार ब्राउझरमध्ये चालते, काही बसवावे लागत नाही. प्रथिनांच्या रचनांचा साठा असलेल्या प्रोटीन डेटा बँकेच्या (पीडीबी) अमेरिकेतल्या आरसीएसबी आणि युरोपातल्या पीडीबीई या संकेतस्थळांवर रचना उघडली की हेच दिसते, म्हणजे विद्यार्थ्याला घरी गेल्यावरही तीच बटणे सापडतात. बहुतेक फोनवर मध्यम आकाराचे प्रथिन व्यवस्थित फिरते; रायबोसोमसारखी प्रचंड रचना मात्र फोनवर उघडू नका, ब्राउझर अडकून बसतो. पडदा कोराच राहिला तर दोष बहुधा वेबजीएलचा, म्हणजे ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्र काढणाऱ्या यंत्रणेचा असतो: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद केलेले असते किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असतो. प्रयोगशाळेतला प्रत्येक संगणक आदल्या दिवशी तपासून घ्या. तासाच्या सुरुवातीला पाच यंत्रे काळी पडली की तास तिथेच संपतो.

कायमेराएक्स शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. जुन्या कायमेराचा विकास आता थांबलेला आहे, तेव्हा नव्याने शिकायचे तर एक्सच शिका. याचा मोठा फायदा म्हणजे मेनूमधून केलेल्या बहुतेक गोष्टींची कमांड लॉगच्या खिडकीत उमटते. ती उचलून मजकूर फाइलमध्ये ठेवली की पुढच्या वर्षीचा धडा तयार. शिवाय फाइल आधी उतरवून ठेवली असेल तर इंटरनेटशिवाय काम होते. हिमोग्लोबिनची फाइल एक एमबीहूनही लहान असते, पेनड्राइव्हवर सगळा अभ्यासक्रम मावतो.

पायमोल उत्तमच आहे. शोधनिबंधांतली कितीतरी चित्रे त्यातच काढलेली असतात. पण नवशिक्याला त्यात एक हमखास फटका बसतो. इतर सगळीकडे माउसचे चाक फिरवले की चित्र जवळ-लांब होते, पायमोलमध्ये मात्र चाकाने दिसणाऱ्या थराची जाडी कमी-जास्त होते. विद्यार्थी सवयीने चाक फिरवतो, रेणूचा पुढचा-मागचा भाग कापला जातो आणि शेवटी पडद्यावर काहीच उरत नाही. त्याला वाटते रेणू पुसला गेला. झूम उजवे बटण दाबून ओढल्याने होतो; हरवलेला रेणू 'रीसेट'ने परत येतो. परवान्याकडेही लक्ष द्या: मुक्त स्रोत आवृत्ती आहे, पण तयार इन्स्टॉलर श्रोडिंगर कंपनीच्या परवान्याखाली येतो आणि शैक्षणिक परवाना फक्त अध्यापनापुरता असतो.

व्हीएमडीचे बळ रेण्वीय गतिकीच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे अणूंच्या हालचाली संगणकावर गणिताने काढून पाहण्यात आहे. एका स्थिर रचनेसाठी ते नको. जेएसमोल जुन्या शैक्षणिक पानांवर आणि प्रोटिओपीडिया या प्रथिनांच्या ऑनलाइन विश्वकोशावर भेटते, मोठ्या रेणूंना ते मंद पडते, पण प्रोटिओपीडियाचे तयार देखावे वाचायला चांगले आहेत. घडी कशी बसते याची जाण यावी म्हणून फोल्डइट हा खेळ घरचा अभ्यास म्हणून द्यायला हरकत नाही.

आता पहिला तास. सुरुवात हिमोग्लोबिनने करू नका, ते फार मोठे आहे. क्रॅम्बिन घ्या, पीडीबी संकेतांक १सीआरएन. फक्त ४६ अमिनो आम्ले, १.५ अँगस्ट्रॉम विभेदन (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग; विभेदनाचा आकडा जितका लहान तितका तपशील बारीक), दोन अल्फा हेलिक्स (साखळीची मळसूत्री गुंडाळी), बीटा पट्ट्याचा (जवळजवळ ताणलेल्या साखळीचा) एक छोटा तुकडा आणि तीन डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधले). सगळे एका नजरेत मावते. हाच एक रेणू चार प्रकारे दाखवा: आधी पूर्ण आकाराचे अणू, मग बॉल अँड स्टिक, मग फक्त कण्याची (साखळीच्या मुख्य धाग्याची) रेघ, शेवटी रिबन, म्हणजे साखळीची वळणे फितीसारखी दाखवणारे चित्र. हा क्रम उलटा करू नका. रिबन आधी दाखवली की विद्यार्थ्याच्या डोक्यात रिबन म्हणजेच प्रथिन हे पक्के बसते आणि हेलिक्सच्या मधोमध पोकळ नळी आहे असे तो परीक्षेतही लिहितो. पूर्ण आकाराच्या अणूंचे चित्र समोर असताना हेलिक्सच्या अक्षाच्या दिशेने पाहायला लावा. आत पोकळी नाही, अणू खचाखच भरलेले आहेत, हे एका क्षणात दिसते.

मग मोजमाप. मोलस्टारमध्ये प्रथिन बॉल अँड स्टिकमध्ये ठेवा, उजवीकडच्या चिन्हांपैकी बाणाचे चिन्ह दाबून निवडीचा मोड चालू करा, दोन अणू निवडा आणि 'मेजरमेंट्स'मधून 'डिस्टन्स' जोडा. इथे हमखास चूक होते: निवडीचा मोड सुरू होताना एकक 'रेसिड्यू', म्हणजे अख्खे अमिनो आम्ल असते. ते बदलून अणूवर आणले नाही, तर अंतर दोन अणूंमधले नव्हे तर दोन अमिनो आम्लांच्या मध्यबिंदूंमधले येते. आकडा दिसतो, विश्वासार्ह वाटतो आणि चुकीचा असतो. वर्गात प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा आला तर आधी हे तपासा.

तीन अंतरे मोजायला द्या. एक, लागोपाठच्या दोन अमिनो आम्लांच्या अल्फा कार्बनमधले: साखळीत कुठेही घेतले तरी सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम. दोन, पहिल्या हेलिक्समधल्या ८ आणि ११ क्रमांकाच्या अल्फा कार्बनमधले: ५ च्या आसपास. तीन, पट्ट्यातल्या १ आणि ४ मधले: १० च्या आसपास. दोन्हीकडे तीनच पावले, तरी अंतर जवळपास दुप्पट. अल्फा हेलिक्समध्ये प्रत्येक अमिनो आम्लामागे अक्षावर १.५ अँगस्ट्रॉमच वाढ होते आणि पट्ट्यात साखळी जवळजवळ ताणलेली असते, हे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधीच त्यांच्या वहीत आलेले असते. त्यानंतर एका अमिनो आम्लाचा कार्बोनिल ऑक्सिजन आणि चार पावले पुढच्याचा नायट्रोजन यांतले अंतर घ्यायला सांगा, २.८ ते ३.१ च्या दरम्यान मिळेल. हाच हेलिक्स टिकवणारा हायड्रोजन बंध.

"सर, यात हायड्रोजन कुठे आहे?" हा प्रश्न इथे येतोच, आणि तो यावा. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, त्यामुळे विभेदन १ अँगस्ट्रॉमच्या आसपास किंवा त्याहून चांगले असल्याशिवाय तो नीट दिसत नाही. फाइलमध्ये तो नाही म्हणून हायड्रोजन बंध नायट्रोजन ते ऑक्सिजन असा मोजायचा. सहसंयुज बंधांचेही तसेच: साखळीतले बहुतेक बंध जुन्या पीडीबी फाइलमध्ये लिहिलेले नसतात, सॉफ्टवेअर ते अणूंमधल्या अंतरावरून आणि अमिनो आम्लांच्या साच्यांवरून ओळखते. कधी धातूभोवती विचित्र कांड्या दिसल्या तर ते रसायनशास्त्र नव्हे, सॉफ्टवेअरचा अंदाज आहे.

दुसऱ्या तासाला हिमोग्लोबिन. इथे एक सापळा आहे ज्यात शिक्षकही अडकतात. ऑक्सिजनरहित मानवी हिमोग्लोबिनसाठी २एचएचबी उघडले की चार साखळ्या दिसतात. ऑक्सिजनसहित रूपासाठी १एचएचओ उघडले आणि फाइल जशीच्या तशी घेतली, तर दोनच साखळ्या दिसतात, एक अल्फा आणि एक बीटा. विद्यार्थी निष्कर्ष काढतो की ऑक्सिजन बांधला की हिमोग्लोबिन तुटते! खरे कारण स्फटिकाच्या सममितीत आहे. फाइलमध्ये असममित एकक, म्हणजे स्फटिकातला पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान भाग, तेवढेच ठेवलेले असते, उरलेला अर्धा रेणू सममितीची क्रिया लावून मिळतो. मोलस्टारमध्ये 'असेंब्ली १' निवडली की चारही साखळ्या येतात. कायमेराएक्समध्ये 'सिम' कमांडने जैविक असेंब्ली, म्हणजे शरीरात असतो तसा पूर्ण रेणू, उभी करावी लागते.

सिकलसेलच्या हिमोग्लोबिनसाठी २एचबीएस घेतले की नेमके उलटे होते. तिथे पाहायचा असतो तो दोन रेणूंमधला स्पर्श, म्हणून आठ साखळ्या हव्यात. उघडल्यावर आधी साखळ्या मोजा. चारच असतील तर 'असेंब्ली' सोडून 'मॉडेल' निवडा, फाइलमधले सगळे दिसेल. मग वरच्या अनुक्रमाच्या पट्टीतून बीटा साखळ्यांमधली ६ क्रमांकाची व्हॅलीन एकेक करून दाबा. मोलस्टार त्या अमिनो आम्लापाशी जाऊन आजूबाजूचे शेजारी उलगडून दाखवते. बीटा साखळ्या चार आहेत, पण सगळ्या व्हॅलीनच्या शेजारी तेच दृश्य नसते. जिच्याजवळ दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीतले फिनायलॲलनीन ८५ आणि ल्युसीन ८८ दिसतात ती शोधायची. ती शोधायला विद्यार्थ्यांना दहा मिनिटे लागू देत, मध्ये बोलू नका. सापडल्यावर विचारा: या जागी मूळचे ग्लुटॅमेट असते तर? विद्युतभार असलेली लांब शाखा त्या तेलकट खळग्यात शिरायला तयार होणार नाही, हे उत्तर त्यांच्याच तोंडून येते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून धागे का तयार होतात हे याहून सरळ दाखवता येत नाही.

क्रमांकाबद्दल आधीच सांगून ठेवा. रचनेच्या फाइलमध्ये हे स्थान ६ आहे, जनुकशास्त्राच्या अहवालात तेच ७ असते, कारण तिथे सुरुवातीचे मेथिओनीन मोजले जाते आणि तयार प्रथिनात ते कापले गेलेले असते. कायमोट्रिप्सिन या पाचक विकरामध्येही अशाच शंका येतात. सेरीन १९५ हे नाव रूढ क्रमांकनातले आहे, साखळीवर बोट ठेवून मोजत गेल्याने ते मिळेलच असे नाही. क्रमांक नेहमी फाइलमधला वाचावा.

२एचएचबी आणि १एचएचओ एकमेकांवर ठेवून फरक दाखवायचा असेल तर सगळे अणू जुळवू नका. सगळे जुळवले की सॉफ्टवेअर फरक सगळीकडे थोडा थोडा वाटून टाकते आणि दोन्ही रेणू किंचित धूसर जुळल्यासारखे दिसतात. फक्त एक अल्फा-बीटा जोडी जुळवा, मग दुसरी जोडी सुमारे १५ अंशांनी वळलेली स्पष्ट दिसते. कायमेराएक्सचे 'मॅचमेकर' मुळातच साखळ्यांची एक सर्वांत चांगली जोडी निवडून जुळवते, त्यामुळे तिथे हे काम बरेचसे आपोआप होते. मग हीमवर, म्हणजे ऑक्सिजन धरणाऱ्या लोहयुक्त चपट्या चकतीवर जा. ऑक्सिजनरहित रूपात लोह हीमच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम सरकलेले असते. पातळीला अगदी कडेने समांतर पाहिले तरच ते दिसते, वरून पाहिले तर काहीच कळत नाही. लोहाला धरणारी हिस्टिडीन अल्फा साखळीत ८७ आणि बीटात ९२ क्रमांकाची. तिच्यामागची हेलिक्स कशी ओढली जाते ते दाखवायला दोन रूपांमध्ये पुन्हा पुन्हा अदलाबदल करणे कोणत्याही ॲनिमेशनपेक्षा बरे. मधल्या चौकटी घालून केलेले मॉर्फिंग देखणे असते, पण त्या मधल्या अवस्था कोणी मोजलेल्या नाहीत, हे सांगितल्याशिवाय ते दाखवू नये.

औषध आणि प्रथिन यांसाठी १एचएसजी, एचआयव्हीचे प्रोटिएज (प्रथिने कापणारे विकर) आणि त्यात बसलेले इंडिनाव्हिर हे औषध. प्रत्येकी ९९ अमिनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या, दोघींकडून एकेक ॲस्पार्टेट २५ मधोमध समोरासमोर. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून सुरुवातीलाच सगळे पाणी पुसून टाकायची सवय पुष्कळांना असते, आणि इथे ती नडते. ३०८ क्रमांकाचा पाण्याचा रेणू औषध आणि त्यावर झाकणासारखे मिटलेले साखळ्यांचे दोन पाखे यांच्यामध्ये पुलासारखा बसलेला आहे, दोन्ही बाजूंच्या आयसोल्युसीन ५० ला हायड्रोजन बंधांनी जोडलेला. तो पुसला तर औषध हवेत लटकल्यासारखे वाटते. सगळे पाणी लपवा, हा एक रेणू ठेवा, आणि त्याचे चारही बंध विद्यार्थ्यांकडून मोजून घ्या.

रचना म्हणजे गोठलेला पुतळा हा गैरसमज काढायला युबिक्विटिन हे लहान प्रथिन सोयीचे आहे. क्ष-किरणांची १यूबीक्यू आणि एनएमआरची (चुंबकीय क्षेत्र वापरून द्रावणात मोजलेली) १डी३झेड शेजारी उघडा. दुसरीत दहा मॉडेल्स आहेत. पहिलेच दिसत असेल तर सगळी चालू करा. मधला गाभा दहाही ठिकाणी एकावर एक बसतो आणि शेवटची चार-पाच अमिनो आम्ले पंख्यासारखी पसरतात. मग १यूबीक्यू बी-फॅक्टरने, म्हणजे प्रत्येक अणू किती हलता आहे हे सांगणाऱ्या आकड्याने रंगवा. तीच शेपूट तिथेही उठून दिसते.

आता याच रंगाचा एक धोका. अल्फाफोल्ड अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज बांधते, आणि त्याच्या फाइलमध्ये बी-फॅक्टरच्या रकान्यात विश्वासांक (pLDDT) असतो. बी-फॅक्टर जास्त म्हणजे भाग अस्थिर, विश्वासांक जास्त म्हणजे भाग भरवशाचा. अर्थ अगदी उलट. नेहमीच्या बी-फॅक्टरच्या रंगपट्टीने अल्फाफोल्डचे मॉडेल रंगवले तर सगळ्यात पक्का भाग लालभडक आणि डळमळीत दिसतो. विश्वासांकाची स्वतःची पट्टी वापरा: ९० च्या वर गडद निळा, ७० ते ९० फिकट निळा, ५० ते ७० पिवळा, ५० च्या खाली नारिंगी. नारिंगी शेवया दिसतात त्या रचना नव्हेत. सॉफ्टवेअरला तिथे सांगण्यासारखे काही नव्हते एवढाच त्याचा अर्थ. अल्फाफोल्डच्या साठ्यातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत हीमही नसते. त्याची जागा मात्र रिकामी राखलेली दिसते, आणि हा प्रश्न तोंडी परीक्षेला फार छान आहे.

प्रोजेक्टरवर काळी पार्श्वभूमी नको. पांढरी ठेवा आणि चित्राचा मागचा भाग फिका करणारा धुक्याचा परिणाम कमी करा, मागचा भाग नाहीतर दिसतच नाही. लाल-हिरव्याची जोडी टाळा, निळा-नारिंगी सगळ्यांना ओळखता येतो. ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा हे सगळीकडे सारखे असले तरी कार्बनचे तसे नाही: पायमोलमध्ये तो हिरवा असतो, आणि पारंपरिक रंगसंकेतात हिरवा क्लोरीनचा. पुस्तक आणि पडदा यांत हा घोळ होण्याआधी कार्बन करडा करून टाका. पृष्ठभाग दाखवायचा तर शेवटी आणि थोडा पारदर्शक. तो १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा, पाण्याच्या रेणूएवढा गोल प्रथिनावरून फिरवून काढलेला असतो. हे न सांगता दाखवला तर प्रथिनाला खरोखरच सालपट असते असे वाटते.

साखळीत मध्येच तुटक रेघ दिसली तर तिथली अमिनो आम्ले प्रयोगात दिसलेली नाहीत. प्रथिन तुटलेले नाही. एकाच शाखेच्या दोन प्रती एकमेकांत घुसलेल्या दिसल्या तर त्या पर्यायी मांडण्या आहेत. अंतर मोजताना दोन्हींपैकी एकच धरा. फार मोठ्या रचना जुन्या पीडीबी स्वरूपात मिळतच नाहीत, कारण त्यात ९९,९९९ अणू आणि ६२ साखळ्या एवढीच जागा आहे. त्यासाठी एमएमसीआयएफ (mmCIF) या नव्या स्वरूपातली फाइल घ्या; खरे तर आता सगळ्यांसाठीच तीच घ्यावी.

गृहपाठ म्हणून नुसते चित्र मागू नका, सगळ्यांची चित्रे सारखीच येतात. चित्र, त्यावर मोजलेले एक अंतर आणि ते कोणत्या दोन अणूंमधले आहे हे एका ओळीत मागा. अणूचे नाव, अमिनो आम्ल, क्रमांक, साखळी, या चारही गोष्टी लिहिलेल्या नसतील तर परत पाठवा.

तयार केलेले देखावे सत्रफाइल म्हणून ठेवता येतात. मोलस्टारची सत्रफाइल खिडकीत ओढून सोडली की सगळे जसेच्या तसे उघडते. पायमोल आणि कायमेराएक्सच्या सत्रफाइलींवर मात्र विसंबू नका. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल प्रयोगशाळेतल्या जुन्या आवृत्तीत अनेकदा उघडत नाही. कमांडची साधी मजकूर फाइल आणि रचनेची उतरवलेली फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि कमांडमध्ये रचना इंटरनेटवरून न मागवता त्याच फोल्डरमधून उघडा.